एमए इकॉनॉमिक्स की एमबीए: इंदूरच्या पदवीधरांसाठी

मूल बी.कॉम. किंवा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचलं की दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय निघतोच, मग घर सुदामानगरात असो की रामबागेत. बाबा म्हणतात, एमबीए कर, नोकरी लागते. मावशी म्हणते, इकॉनॉमिक्समध्ये मार्क चांगले आहेत, एमए कर, नेट दे, कॉलेजात लाग. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. दोघंही पदवीबद्दल बोलतायत आणि निवड पदवीची नसतेच. ती एका ठरावीक जागेची असते: अमुक संस्थेत, अमुक फी भरून, अमुक अभ्यासक्रमाची जागा. आयआयएम इंदूरचं एमबीए आणि गावाबाहेरच्या नव्या कोऱ्या इमारतीतलं एमबीए या एकाच नावाच्या दोन निराळ्या वस्तू आहेत. एमए इकॉनॉमिक्सचंही तसंच.

त्यामुळे "कोणतं चांगलं" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पुढच्या गोष्टी क्रमाने करा. साधारण दीड-दोन महिन्यांचं काम आहे. शेवटच्या वर्षाच्या जुलैत सुरुवात केली तर कुठलाच फॉर्म हुकत नाही.

दोन्हींची किंमत कुठे असते

एमबीएची किंमत बऱ्याच अंशी संस्थेत असते. कंपन्या आधी कॅम्पस निवडतात, मग त्यातली मुलं. ज्या कॅम्पसवर चांगली कंपनी येतच नाही, तिथला पहिला आलेला मुलगाही तिच्यासमोर बसत नाही. वर्गात शिकवलं जाणारं मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स सगळीकडे जवळजवळ सारखंच असतं. फरक पडतो तो बरोबरच्या मुलांचा, दोन वर्षांच्या मधल्या समर इंटर्नशिपचा आणि प्लेसमेंटचा.

एमए इकॉनॉमिक्सची किंमत तुमच्या हाताला काय येतं त्यात असते. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातली ग्रेड बी अधिकाऱ्याची भरती, यूजीसी नेट, पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षा यांत कॉलेजच्या नावाला गुण नसतात. मध्यम दर्जाच्या विद्यापीठातून एमए केलेली, पण इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचं शास्त्र) पक्कं असलेली मुलगी तिथे दिल्लीच्या मुलांच्या बरोबरीने बसते. उलट, नुसती गाइडं वाचून मिळवलेल्या एमएला बाजारात जवळजवळ काहीच भाव नाही. हे घरी स्पष्ट सांगावं लागतं, कारण "पोस्ट ग्रॅज्युएट तर होईल" असा एक समज घट्ट बसलेला असतो.

याचा सरळ अर्थ असा: चांगल्या संस्थेत एमबीए मिळत असेल तर तो खर्च बहुधा वसूल होतो. मिळत नसेल, तर मध्यम एमबीएपेक्षा मनापासून केलेलं एमए स्वस्तही पडतं आणि दारंही जास्त उघडतं. मात्र त्याला गणिताची अट आहे. तिच्याकडे येऊच.

पोह्यांच्या दुकानावरची चाचणी

आवड कशात आहे हे विचारून कळत नाही. काम समोर ठेवलं की कळतं. राजवाड्याजवळचं एखादं पोह्यांचं दुकान धरा. आकडे कल्पित आहेत, हिशेब खरा आहे. प्लेट २० रुपयांना, दिवसाला ४०० प्लेटी. पोहे, तेल, शेव, जीरावण, गॅस मिळून प्लेटीमागे खर्च १२ रुपये. मालकाने भाव २५ केला आणि विक्री ३४० प्लेटींवर आली. गल्ला ८,००० वरून ८,५०० झाला. मालाचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम ३,२०० वरून ४,४२० झाली.

इकॉनॉमिक्सवाला इथे काय करतो? भाव २५ टक्के वाढला, मागणी १५ टक्के घटली, म्हणजे लवचीकता (मागणीतली टक्के घट भागिले भावातली टक्के वाढ) ०.६, हे तर तो लगेच काढतो. पण त्याची अडचण त्यानंतर सुरू होते. ६० प्लेटी भावामुळेच घटल्या कशावरून? त्याच आठवड्यात झड लागली होती का? शाळांना सुट्टी होती का? तो शेजारच्या दुकानाकडे बघतो. त्याने भाव वाढवला नव्हता, तरी त्याच्याही प्लेटी ५०० वरून ४७५ झाल्या, म्हणजे ५ टक्के घट सगळीकडचीच. मग भावामुळे झालेली घट १५ वजा ५, म्हणजे १० टक्के, आणि लवचीकता ०.४. इथेही तो थांबत नाही. आपली काही गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडेच गेली असतील, तर शेजाऱ्याचा आकडा त्यांनी फुगलेला असणार आणि ही तुलनाही भेसळीची झाली.

एमबीएवाल्यासमोर प्रश्न वेगळे असतात. ६० प्लेटी कमी झाल्या तर सकाळचा एक माणूस जलेबीच्या कढईवर बसवावा का? नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी २० रुपयांची लहान प्लेट काढावी का, की त्याने मोठी प्लेट आणखी पडेल? घरपोच ॲपचं कमिशन वजा जाता २५ सुद्धा परवडतात का? गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या भावाला हा बदल मान्य नाही, त्याला कसं वळवायचं? आणि हे सगळं उद्या सकाळी सहाच्या आत, अर्ध्या माहितीवर.

दोन्ही परिच्छेद पुन्हा वाचा. पहिल्यात "पण कशावरून?" ही खाज उठली, की दुसऱ्यात "चला, करून टाकू" असं वाटलं? पुढची दोन वर्षं रोज ज्या जातीचे प्रश्न पडणार आहेत ते हेच. आणि एमबीए करूनही पहिल्या प्रश्नाने झोप उडणारी मुलं असतात. ती पुढे ॲनालिटिक्समध्ये रमतात, विक्रीत कुढतात.

याच्याच जोडीला सहा शनिवार-रविवारांचे दोन छोटे प्रयोग करून बघा. एक: ॲगमार्कनेटच्या संकेतस्थळावरून इंदूर मंडीतले सोयाबीनचे तीन वर्षांचे भाव उतरवून घ्या, आलेख काढा आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्कातले बदल कुठे दिसतात का ते शोधा. दोन: काकांच्या किराणा दुकानाची महिनाभराची उधारी मांडा, कोणाकडे किती दिवस पैसे अडकतात ते काढा, एक बदल सुचवा आणि काकांना तो करायला लावा. दुसऱ्या प्रयोगात अवघड भाग शेवटचाच आहे.

गणिताची चाचणी: रविवारची सकाळ, दोन तास, कोणाची मदत नाही

१. समाधान √(xy) या सूत्राने मोजायचं. x चा भाव २ रुपये, y चा ५ रुपये, खिशात १०० रुपये. जास्तीत जास्त समाधान कधी?

२. बँकेच्या १०० कर्जदारांपैकी १० जण थकवतात. इशारा देणारी यंत्रणा त्या १० पैकी ८ जणांवर लाल खूण करते, पण चांगल्या ९० पैकी १८ जणांवरही करते. लाल खूण असलेला माणूस थकवेल याची शक्यता किती?

३. log(x² + १) याचं अवकलन करा.

४. पगाराचा लॉगॅरिदम घेऊन तो शिक्षणाच्या वर्षांवर रिग्रेस केला, सहगुणक ०.०८ आला. याचा अर्थ काय, आणि "शिक्षणामुळे पगार वाढतो" असं त्यावरून म्हणता येईल का?

उत्तरं: पहिल्याचं x = २५, y = १०. दुसऱ्याचं २६ पैकी ८, म्हणजे सुमारे ३१ टक्के. तिसऱ्याचं २x भागिले (x² + १). चौथ्यात, शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे पगार अंदाजे ८ टक्क्यांनी जास्त दिसतो. पण कारण म्हणता येत नाही, कारण हुशारी आणि घरची परिस्थिती दोन्हीकडे हात घालून बसलेली असते.

चारपैकी तीन जमले तर गणिताची चिंता नको. एकच जमला, पण उत्तरं वाचून "अरे, हे असं होय" असं वाटलं, तरी हरकत नाही. रोज एक तास धरून सहा ते आठ महिन्यांत कलन (कॅल्क्युलस), मॅट्रिक्स आणि संभाव्यता उभी राहते. अकरावी-बारावीला गणित न घेतलेल्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना एवढा वेळ लागतोच, त्यात कमीपणा काही नाही. पण प्रश्न बघूनच वही मिटावीशी वाटली, तर चांगल्या ठिकाणचं एमए इकॉनॉमिक्स फार जड जाईल. बी.ए.ला ज्या विषयात मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढून ७० टक्के मिळाले, तो विषय आणि एमएचा विषय यांत नावाचंच साम्य आहे. दर वर्षी पहिल्या सेमिस्टरला गळणारी मुलं बहुतेक याच ठिकाणी गळतात.

कॅटचं, म्हणजे आयआयएम आणि इतर एमबीएंच्या प्रवेश परीक्षेचं गणित याहून वेगळ्या जातीचं आहे, हे क्लासवाले सांगत नाहीत. त्यात कलन नाही. टक्केवारी, गुणोत्तर, काम-वेळ, बीजगणित, भूमिती, म्हणजे बहुतेक दहावीपर्यंतचंच, पण घड्याळाशी झुंजत. प्रत्येकी ४० मिनिटांचे तीन विभाग: इंग्रजी वाचन, डेटा-तर्क आणि गणित. बहुपर्यायी प्रश्नाला बरोबरचे ३, चुकीचा वजा १. एकाच अभ्यासात दोन्ही परीक्षा निघतील हा हिशेब त्यामुळे चुकतो. भंवरकुआँच्या एखाद्या क्लासने "कॅट आणि एमए एंट्रन्स एकाच बॅचमध्ये" असं सांगितलं तर कलन कोण, आठवड्यातून किती तास शिकवणार ते आधी विचारा.

पैशांचा हिशेब, कागदावर

हा भाग घरच्यांना घेऊन करा, आणि तोंडी नको. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एखाद्या खासगी संस्थेत एमबीएसाठी १२ लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं आहे, व्याज १० टक्के, असं धरा. पहिल्या वर्षी ६ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी ६. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. तोवर पहिल्या ६ लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज १.८ लाख, दुसऱ्या ६ लाखांवर दोन वर्षांचं १.२ लाख. हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर १५ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १९,८०० रुपये.

आता समोरची बाजू. "पॅकेज ८ लाख." त्यात १ लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर. उरलेल्या ७ लाखांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते आणि तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा कापला जातो. बेसिक साधारण ४० टक्के धरलं तर हातात महिन्याला ५०,००० च्या आसपास येतात. त्यातून १९,८०० हप्ता, पुण्या-मुंबईचं भाडं, डबा. उरतं किती ते ज्याने त्याने काढावं.

आम्ही वापरतो तो ठोकताळा: हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत. वरच्या पगारात हप्ता १६,५०० च्या आसपास थांबला पाहिजे, म्हणजे मूळ कर्ज १० लाखांपर्यंत. १२ लाखांची ती जागा या पगाराला महाग आहे, झालं. आयआयएम इंदूरसारख्या ठिकाणी फी वीस लाखांच्या वर असते, पण तिथल्या मधल्या विद्यार्थ्याचा पगारही ते ओझं पेलण्याइतका असतो. म्हणून फी एकटी बघायची नाही.

हिशेबात आणखी एक ओळ लागते, जी कोणी घालत नाही. बी.कॉम. झालेल्याला एखाद्या सीएच्या ऑफिसात किंवा पीथमपूरच्या कारखान्यात १८,००० ची नोकरी मिळत असेल, तर दोन वर्षांत तो ४.३२ लाख मिळवतो. ही सोडलेली कमाई एमबीएच्याही खर्चात धरा, एमएच्याही.

एमएची फी सरकारी विद्यापीठांत काही हजारांतच असते. खर्च होतो तो राहण्या-खाण्याचा. दिल्ली किंवा पुण्यात महिन्याला १२ ते १५ हजार धरले, तर २२ महिन्यांचे २.६४ ते ३.३ लाख. इंदूरला घरी राहून केलं तर तेही नाही. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या एमएसला शिक्षण शुल्क नाही, वर विद्यावेतन मिळतं. परीक्षा अर्थातच तशी कडक आहे.

कर्ज घेणारच असाल तर २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुमची संस्था यादीत आहे का, हे कॉलेजच्या काउन्सेलरला विचारू नका, पोर्टलवर स्वतः बघा.

जागा तपासायची कशी

प्लेसमेंटच्या पत्रकात "सरासरी पॅकेज ९ लाख" लिहिलेलं असतं. दहा मुलांपैकी नऊ जणांना ५ लाख आणि एकाला ४५ लाख मिळाले तरी सरासरी ९ लाखच येते. म्हणून मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, विचारा. वरच्या उदाहरणात तो ५ लाख आहे. मग विचारा: बॅच कितीची, प्लेसमेंटला बसले किती, "स्वतः सोय करतो" म्हणून यादीतून वगळले किती. पत्रकातल्या कंपन्यांच्या चिन्हांना काही अर्थ नाही. एखादी कंपनी चार वर्षांपूर्वी एकदा येऊन एक मुलगा घेऊन गेली तरी तिचं चिन्ह राहतं. पदाचं नाव बघा. मध्यम कॉलेजांतून "मार्केटिंग" म्हणजे बहुतेक वेळा विक्री असते: पहिली दोन वर्षं दुचाकीवर, धार-खरगोनच्या दुकानदारांकडे, महिनाअखेरच्या टार्गेटसह. "बँकिंग" म्हणजे बऱ्याचदा विमा आणि खाती गोळा करणं. हे काम वाईट नाही, त्यातूनच पुढे मोठे झालेले पुष्कळ आहेत. पण डोळे उघडे ठेवून घ्यावं.

एमएचा विभाग तपासायचा तर अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून इकॉनॉमेट्रिक्सचे पेपर मोजा. दोन असतील आणि प्रॅक्टिकल असेल तर उत्तम. एकच असेल आणि तोही ऐच्छिक, तर कमी पडणारा भाग स्वतः भरून काढायची तयारी ठेवा. गणिती अर्थशास्त्र सक्तीचं आहे का, शेवटच्या सेमिस्टरला प्रबंध आहे का, आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर शिकवतात का, गेल्या तीन वर्षांत नेट-जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) किती निघाले, एवढं कळलं की पुरे.

इंदूरच्या मुलांची एक सोय अशी की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज दोन्ही खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात आहेत. एकाच दिवसात दोन्ही बघून होतात. ऑफिसात माहितीपत्रक घ्या, पण वेळ कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर घालवा. एमबीएवाल्यांना विचारा: "समर इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली?" एमएवाल्यांना विचारा: "इकॉनॉमेट्रिक्सचं शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं?" उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे बघून हसले तर काय ते समजा.

नावांच्या बाबतीत सावध राहा. एमए, एमएस्सी, एमए बिझनेस इकॉनॉमिक्स, एमबीए बिझनेस इकॉनॉमिक्स, पीजीडीएम अशी ढीगभर लेबलं फिरतात. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला पदव्युत्तर पदवी इकॉनॉमिक्स, अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनॉमेट्रिक्समधलीच लागते. फायनान्सचं एमबीए तिथे चालत नाही. पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नव्हे, पदविका आहे. एआयसीटीईची (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) मान्यता आणि एमबीएशी समकक्षता दोन्ही असतील तर हरकत नाही, पण दोन्ही कागद बघा. आयआयएमसुद्धा पूर्वी पदविकाच देत. २०१७ च्या कायद्यानंतर त्यांना पदवी देता येऊ लागली.

फॉर्म आणि महिने

एकाच वर्षात दोन्हीकडे अर्ज करता येतात, आणि करावेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॅटची नोंदणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जॅमची, आयआयटींच्या या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत २०२१ पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे: ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. नोव्हेंबरच्या शेवटी कॅट. डिसेंबरात सिम्बायोसिसची स्नॅप, जानेवारीच्या सुरुवातीला एक्सएलआरआयची झॅट, दोन्ही एमबीएसाठी. फेब्रुवारीत जॅम. सीयूईटी-पीजीचे फॉर्म मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच संपतात आणि मार्चमध्ये परीक्षा होते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयूची एमएची दारं सध्या तिथूनच उघडतात. अलीकडचा पेपर ७५ प्रश्नांचा, ३०० गुणांचा, दीड तासाचा. मे महिन्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची लेखी परीक्षा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटवरही नजर ठेवा. १९३० पासूनची संस्था आहे, आणि मराठी घरातल्या मुलांना पुण्यात कोणी ना कोणी आत्या-मामा असतोच. राज्यातल्या खासगी कॉलेजांच्या एमबीएच्या बऱ्याच जागा तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन काउन्सेलिंगमधून भरतात, त्या तारखा नंतर येतात.

सगळ्यात जास्त हुकतो तो सीयूईटी-पीजीचा फॉर्म. कॅट नोव्हेंबरात होते, मुलं निकालाची आणि मग मुलाखतीच्या बोलावण्याची वाट बघत बसतात, मनासारखं काही होत नाही आणि तोवर एमएची खिडकी बंद झालेली असते. फॉर्म भरून ठेवायला फार पैसे लागत नाहीत.

भाषेचं लक्षात ठेवा. कॅट फक्त इंग्रजीत असते. सीयूईटी-पीजीचा इकॉनॉमिक्सचा पेपर हिंदीतही मिळतो, पण इकॉनॉमिक सर्व्हिसची उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. हिंदी माध्यमातून आलेल्यांनी एमएच्या पहिल्या दिवसापासून नोट्स इंग्रजीत काढाव्यात.

दहावी-बारावीचे गुण बऱ्याच आयआयएम मुलाखतीला बोलावताना धरतात आणि ते आता बदलता येत नाहीत. कॅटचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी हव्या त्या तीन-चार संस्थांची निवडीची सूत्रं उघडून स्वतःचे गुण घालून बघा. दहावीला ६५ टक्के असतील तर काही ठिकाणी ९८ पर्सेंटाइलही अपुरे पडतात, आणि काही ठिकाणी ती अडचण मुळीच येत नाही. हे डिसेंबरात कळण्यापेक्षा जुलैत कळलेलं बरं.

नेहमीच्या चुका

स्वाध्यायी म्हणून घरबसल्या एमए करणं. सरकारी बढतीसाठी ठीक आहे, पण इकॉनॉमेट्रिक्स गाइडातून येत नाही आणि मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. ऑनलाइन एमबीएचंही तेच: नोकरी चालू असेल आणि वरच्या पदासाठी कागद हवा असेल तर घ्या, यूजीसीच्या यादीत नाव बघून. पहिल्या नोकरीसाठी घेऊ नका, कारण ज्याचे पैसे मोजायचे ते कॅम्पसच त्यात नसतं.

"एकदम" पदव्युत्तर करण्याची घाई. कॅटमध्ये या वर्षी ८० पर्सेंटाइल आले, म्हणून मिळेल ते एमबीए १० लाखांत घेण्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं नोकरी करून पुन्हा परीक्षा दिलेली बरी. कामाचा अनुभव एमबीएच्या प्रवेशात मोजला जातो. एमएच्या बाबतीत तसं नाही, तिथे मधल्या काळात गणित गंजतं.

क्रम उलटा लावणं. एमए करून पुढे एमबीए करता येतं, आणि इकॉनॉमिक्सची पार्श्वभूमी फायनान्समध्ये उपयोगीही पडते. एमबीए करून पुन्हा अर्थशास्त्रात संशोधनाकडे वळायचं तर बहुतेक ठिकाणी एमएचा पाया नव्याने घालावा लागतो. ज्याचं मन खरोखर दोन्हीकडे सारखं ओढतं, त्याने एमए आधी करावं.

आणि इकॉनॉमिक सर्व्हिसवरच सगळा डाव लावणं. जागा दर वर्षी मोजक्याच निघतात. एमए करताना नेट-जेआरएफ, बँका आणि पतमापन संस्थांतली विश्लेषकांची कामं, धोरण-संशोधन संस्थांतल्या रिसर्च असोशिएटच्या जागा, डेटाचं काम असे तीन-चार रस्ते एकदम चालू ठेवावेत. जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं.

मध्य प्रदेशात २०२१ पासून चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. तुम्ही चौथं वर्ष करत असाल तर एका वर्षाचं एमए कुठे मिळतं ते विद्यापीठागणिक विचारा. यूजीसीने वाट मोकळी केली आहे, पण सगळ्या विभागांनी ती उघडलेली नाही. एमबीएत मात्र चौथ्या वर्षाने बहुधा काही वाचत नाही. एमबीएच घ्यायचं नक्की असेल तर तीन वर्षांवर बाहेर पडलेलं परवडतं.

फी भरताना

एमबीएची संस्था एप्रिलमध्ये "सात दिवसांत ५०,००० भरा, नाहीतर जागा गेली" म्हणते आणि एमएचे निकाल जून-जुलैत लागतात. या मधल्या दोन महिन्यांत पैसे अडकतात. एआयसीटीईच्या अखत्यारीतल्या संस्थेत वर्ग सुरू होण्याआधी लेखी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळायला हवी. विद्यापीठांसाठी यूजीसीची वेगळी टप्प्यांची पद्धत आहे, आणि जितका उशीर तितकी रक्कम कमी. आयआयएमचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. ऑफर लेटरमध्ये परत न मिळणारी रक्कम कोणती ते वाचूनच पैसे भरा. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने करा, फोनवर नाही, आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. मूळ मार्कशीट आणि टीसी तपासणीसाठी दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ कागद परत पिशवीत टाकायचे. संस्थेला ते ठेवून घेता येत नाहीत, आणि दुसऱ्या ठिकाणी नंबर लागला की पहिल्यांदा तेच लागतात.